निळं आलं की पास

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. पायाला भिंगरी बांधून आलेली पोरगी, असं आई माझ्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षी माझ्या अंगात जी तगमग शिरली ती वेगळीच होती. दिवसा मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे उभी असायची, आणि सकाळ-संध्याकाळ घरी बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापुढे बसलेली असायची. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. साखर उतरते की नाही?

बाबा लकडगंजात एका आरा मशीनवर मिस्त्री होते. मोठमोठे ओंडके यायचे, ते चिरून फळ्या पाडायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. साबण लावून अंघोळ केली तरी त्यांच्या अंगाचा लाकडाचा वास जायचा नाही. ते चौथी शिकलेले, आणि मी औषधशास्त्रात वरची पदवी घेत होते. आमच्या वस्तीत इतकं शिकलेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट ते कुणालाही विसरू देत नसत. दूधवाल्यालाही नाही.

आमच्या सरांनी मला संशोधनासाठी विषय दिला तो बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा. त्या लाकडाचा अर्क दिला तर मधुमेहात साखर उतरते का, हे उंदरांवर तपासायचं. आमच्या भागात बीजाच्या पेल्याची कीर्ती जुनीच. लाकडाच्या पेल्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळपर्यंत ते तांबूस होतं, उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक दिसते, आणि ते प्यायलं की साखर पळते म्हणतात. सर पान चघळत म्हणाले होते, "लोक सांगतात म्हणून ते खोटं नाही, आणि लोक सांगतात म्हणून खरंही नाही. आपण उंदरांना विचारू."

घरी येऊन मी विषय सांगितला तर बाबा उठून उभेच राहिले.

"बीजा? अवं, तो तर मी रोज चिरून राहिलो! तुले पाहिजे तितका आणतो. पांढरा भाग नाही, चांगला गाभा पाहून आणतो."

आणि आणलाही. कापडी पिशवीत लालसर चिपा भरून ते सायकलवर आमच्या विभागात आले, दारातच चपला काढल्या आणि सरांना वाकून नमस्कार केला. सर संकोचले. मला हसूही आलं आणि ऊरही भरून आला. तेव्हापासून बाबांच्या बोलण्यात 'तिचं संशोधन' हा शब्द गेला आणि 'आपलं लाकूड' आलं.

बाबांना स्वतःला मधुमेह होता, काही वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, पण त्यांचं खाणं आणि साखर कधी एकमेकांचं ऐकत नसत. त्यातच आऱ्यावर उभं असताना लाकडाची एक सल त्यांच्या अंगठ्याखाली घुसली. त्यांना कळलंसुद्धा नाही. चप्पल ओली का लागते म्हणून पाहिलं तेव्हा रक्त दिसलं. ती जखम भरेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तोंडावर बोलणारे होते. "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि तो रोग अंगठ्यावरच थांबेल असं मी लिहून देत नाही," ते म्हणाले. आऱ्यावर दिवसभर दोन्ही पायांवर उभं राहावं लागतं. पाय गेला की आरा गेला, आणि आऱ्याशिवाय बाबांना दुसरं काहीच येत नव्हतं. परतताना सबंध रस्ता ते आपल्या पायाकडे बघत चालले.

डॉक्टरांनी दर आठवड्याला घरी लघवी तपासायला सांगितली. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी स्पिरिटचा दिवा, काचनळी आणि निळ्या द्रावणाची बाटली घेऊन ओट्यावर बसायची. द्रावणात लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंग बघायचा. पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, "हे समजते कसं?" मी सहज हसत म्हटलं, "निळं राहिलं की पास. हिरवं-पिवळं आलं की काठावर. विटकरी आलं की नापास."

ते त्यांनी एवढं गंभीर होऊन ऐकलं की मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

तेवढ्यात आई हातात वाटी घेऊन आली. आमच्या घरात छप्पनच्या धर्मांतरानंतर देव्हारा राहिला नव्हता. नवस गेले, उपास गेले, आणि बाबांनी ते सगळं मनापासून सोडलं होतं. आईनेही सोडलं, पण परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, एवढं तिने सोडलं नाही. मी मॅट्रिकपासून प्रत्येक पेपरला ते चाटून गेले होते. आता ती बाबांच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आज तुमचा पेपर आहे ना? घ्या."

मी ओरडले. "आई! साखर आहे का नाही तेच पाहून राहिलो आपण, अन् तू साखरच खाऊ घालते?"

आई वरमली. बाबा हसले. मग नळीतलं पाणी उकळलं, निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि शेवटी सरळ कौलाच्या रंगाचं झालं. बाबांचं हसू तिथेच थांबलं. मी साखरेचा डबा माळ्यावर ठेवायला लावला आणि आईला ताकीद दिली की माझ्या परवानगीशिवाय या घरात कुणी साखरेला हात लावायचा नाही.

इकडे प्रयोगशाळेत उलटंच घडत होतं. औषध टोचून आम्ही उंदरांना मधुमेह आणला होता, आणि बीजाचा अर्क कणकेत मळून त्याच्या गोळ्या त्यांना खायला देत होतो. शेपटीतून रक्त घेऊन साखर बघायचो. ज्यांना साधी कणीक होती त्यांची साखर तशीच राहिली, आणि ज्यांना अर्काची कणीक होती त्यांची उतरायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच. सरांनी दोनदा पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. ते पान खायचं विसरले, यावरून मी काय ते समजले.

त्या संध्याकाळी मी सायकल इतकी हाणली की इतवारीत एका हातगाडीवर आदळता आदळता वाचले. गाडीवाल्याच्या शिव्या ऐकत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "बाबा, उतरली! उंदराची साखर उतरली!"

दुसऱ्याच दिवशी बाबांनी लाकूड कातणाऱ्या ओळखीच्या कातार्‍याकडून बीजाचा पेला करवून आणला. मी बजावून सांगितलं की पेला प्यायचा असेल तर प्या, पण डॉक्टरांची गोळी एक दिवस सुटली तरी माझ्याशी गाठ आहे. गोळी त्यांनी सोडली नाही. ते खोटं बोलणारे नव्हतेच. विचारलं तेवढ्याचं ते खरं उत्तर देत, आणि मी काय विचारलं नाही ते मला पुढे कळायचं होतं.

पुढच्या रविवारी नळीतला रंग हिरव्यावर थांबला. त्याच्या पुढच्या रविवारी तो निळाच राहिला. मी पुन्हा उकळून पाहिलं, तरी निळाच. बाबांनी माझ्या हातून नळी घेतली, उजेडात धरली, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पास!"

मग काय, वस्तीत दवंडीच. आऱ्यावरचे लोक पेले मागायला यायला लागले. बाबा प्रत्येकाला सांगत, "माह्या पोरीनं शोधलं." मी म्हणायची, "बाबा, मी नाही शोधलं, अन् अजून काही ठरलंही नाही." ते म्हणत, "ठरते ना, ठरते. काहून घाबरते वं?" सरांना सांगितलं तर ते म्हणाले की एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. पण तेही हसले. एका परिषदेत निबंध वाचायला पाठवायचा असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण टिकेना. कारण अंगठा. दर रविवारी नळी निळी, आणि पट्टी सोडली की जखम तशीच ओली, कडा काळवंडत चाललेल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "घरी निळं येतं म्हणता. मग ही अशी का?" दवाखान्यातून विभागात, विभागातून घरी, माझी सायकल नुसती फिरत होती. घरात मी भांडं पडलं तरी चिडायची. बाबा वाळले होते. मी म्हणायची, साखर उतरली म्हणून असेल. मग स्वतःलाच विचारायची, साखर उतरल्यावर माणूस भरतो की वाळतो? उंदीरही वाळले होते. त्यांची अंगं खरबरीत दिसत होती. सरांना दाखवलं तर ते म्हणाले की मधुमेहात वाळतातच. तेही खरंच होतं. पण अर्क न खाणारे एवढे वाळले नव्हते, आणि हे मला दिसत असूनही त्यावर बोट ठेवता येत नव्हतं.

शेवटी एका सोमवारी माझा धीर सुटला.

"बाबा, रविवारीच काहून तपासायचं? हप्त्याच्या मधात एखाद्या दिवशी करू."

"मधात काहून? पेपर तर रविवारी असते."

"ह्या हप्त्यात मी कोणत्याही दिवशी करीन. सांगणार नाही."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "असं असते का वं? आधी सांगा लागते ना. माणूस तयारी..." एवढं बोलून ते पायाची पट्टी नीट करू लागले. मी मात्र डोक्यात राख घालून बसले होते. तयारी कसली, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मंगळवारी मी नळी उकळली. निळी. बुधवारी मुद्दाम नाही केली. गुरुवारी सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले तर बाबा खाटेवर बसलेले, आणि थंडीचे दिवस असून सदरा पाठीला चिकटलेला. बटणं वरखाली लागलेली. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "धर, धर, ओंडका सरकून राहिला." ओंडका कुठला? घरात पाण्याची घागर आणि मी.

आई म्हणाली, "झोपेत आहेत." मी म्हटलं, "नाही." मी हे पाहिलं होतं. प्रयोगशाळेत एखाद्या उंदराला इन्सुलिन जास्त झालं की तो असाच भान हरपून थरथरायचा. पण बाबांची साखर इतकी उतरेल तरी कशाने?

"आई, साखर आण! लवकर!"

आई जागची हलेना. "साखर? तूच तर हात लावू नको म्हणते! त्यायलेच तर साखर आहे ना वं!"

"अवं, आण म्हणते ना मी! जाऊन राहिले ते!"

ती माळ्यावर कशी चढली कोण जाणे. डबा घेऊन आली, जवळ दुसरं काही दिसलं नाही म्हणून उशाशी असलेला बीजाचा पेलाच उचलला, त्यातल्या लाल पाण्यात मूठभर साखर टाकून बोटाने ढवळली. मी बाबांचं डोकं धरलं. आई थोडं थोडं पाजत होती आणि प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघत होती, मी आता पुन्हा ओरडेन म्हणून. बाबा मेले असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या हातांत मेले असं वाटत होतं.

हळूहळू घाम आटला. डोळे ओळख दाखवू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पहिली गोष्ट काय विचारली तर, "आज घेतला का पेपर? निळं आलं का?"

मी विचारलं, "काल काय खाल्लं तुम्ही?"

ते सदऱ्याची बटणं नीट लावू लागले.

"परवा?"

आई म्हणाली, "डबा तर रोज रिकामाच येते. रात्री म्हणते का आऱ्यावर खाणं झालं, भूक नाही. आधी फक्त शनिवारी म्हणत होते, ह्या हप्त्यात रोज. मले वाटलं लाकडाचा गुण असन."

"डबा कोणाले दिला, बाबा?"

"बाजूच्या आऱ्यावर बकऱ्या आहेत," ते म्हणाले. मग माझी नजर चुकवून, "गोळी घेतली वं. रोज घेतली. तू गोळीचं म्हटलं होतं, ते मोडलं नाही."

"अन् जेवले काहून नाही?"

"जेवलो का रंग बदलते. मी पाहिलं ना पहिल्या दिवशी. मंग तुहं लाकूड फेल झालं असतं. तुहे सर काय म्हटले असते?"

धर्मांतरानंतर देवासाठी एक वेळचं जेवणही न चुकवलेला माणूस. एकादशी, चतुर्थी, सगळं थोतांड म्हणून सोडून दिलेला माणूस. तो माझ्या लाकडासाठी उपाशी राहिला. आधी दर शनिवारी, म्हणून फक्त रविवारची नळी निळी; आणि मी दिवस सांगणार नाही म्हटल्यावर रोजच, गोळी पोटात आणि अन्न बकऱ्यांच्या. मला इतका राग आला की मी खाटेच्या पायाला लाथ मारली. मग रडायला लागले, आणि थांबताच येईना. बाबा घाबरून म्हणत राहिले, "आता खातो वं, आता खातो." आईने चूल पेटवली.

दुपारी मी विभागात गेले. कशाला ते मलाही नीट माहीत नव्हतं, पण घरी बसवेना. पिंजऱ्यांपुढे उभी राहिले. खाण्याच्या ताटल्या रोजच्यासारख्या रिकाम्या होत्या. घरचा डबाही रोज रिकामाच येत होता. मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि खाली अंथरलेल्या भुशात हात घातला. तो भुसाही बाबांनीच आणलेला, आऱ्यावरचा. बोटांना वाळक्या गोळ्या लागल्या. एक, मग दुसरी, मग कोपऱ्यात ढीगच. उंदरांनी अर्काची कणीक ताटलीतून ओढून भुशात पुरून ठेवली होती. खाल्ली नव्हती. माझे उंदीर उपाशी होते, म्हणून त्यांची साखर उतरली होती.

मी मूठभर गोळ्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. घरचंही. सरांनी एक गोळी उचलली, सरळ तोंडात टाकली, चावली, आणि त्यांचं तोंड असं झालं की एरवी मी हसले असते. "इतकी तुरट आहे. मीही नसती खाल्ली," ते म्हणाले. परिषदेला पाठवलेला निबंध त्यांनी त्याच दिवशी परत मागवला. "पुन्हा करू," ते म्हणाले. "या वेळी अर्क नळीने पोटात देऊ, आणि सगळ्यांना पोटभर खाऊ घालू." नंतर मी निघताना, "वडिलांना डॉक्टरांकडे आजच ने."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मला आणि बाबांना मिळून जे बोलायचं ते बोलले, आणि इन्सुलिन सुरू केलं. अंगठा वाचला नाही. त्याला फार उशीर झाला होता. पाय वाचला. अंगठा काढल्यावर बाबा बरेच दिवस काठी घेऊन चालले, आणि पुढे आऱ्यावर परत गेले तेव्हा मालकाने त्यांना ओंडक्यांऐवजी बसून करायचं हलकं काम दिलं. त्यांना ते आवडलं नाही, पण केलं.

मला अजून आठवतो तो अंगठा काढल्यावर बाबा दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा रविवार. त्याच दिवशी सरांनी सुट्टी असूनही मला बोलावलं होतं, कारण नव्याने केलेल्या प्रयोगाचं शेवटचं रक्त घ्यायचं होतं. निघण्याआधी मी दिवा पेटवला. बाबा समोर बसले. नळीतला निळा रंग हिरवा झाला, आणि पिवळ्याकडे झुकून थांबला.

बाबा अपराध्यासारखे म्हणाले, "काल दोन भाकरी खाल्ल्या वं मी."

"चांगलं केलं."

"अन् वांग्याची भाजी."

"छान."

"मंग रागावत काहून नाही?"

मी नळी विसळायला उठले. तेवढ्यात आई वाटी घेऊन आली, पण बाबांपुढे नाही, माझ्यापुढे. माझ्या तळहातावर तिने दही ठेवलं आणि डब्याकडे बघून थबकली. त्या दिवसापासून साखरेला हात लावायची तिला भीतीच बसली होती.

"टाक ना साखर," बाबा म्हणाले. "तिले काय झालं? तिचा पेपर आहे आज."

आईने चिमूटभर टाकली. मी चाटलं, चपला घातल्या आणि सायकल बाहेर काढली. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले.

"ऐक वं," ते म्हणाले. "नापास झाली तरी घरी येऊन जेवजो."

त्या दिवशी पोटभर खाल्लेल्या उंदरांची साखर उतरली, पण अगदी नावापुरती. सरांनी आकडे मांडले, मी पाहिले, आणि आम्ही पिंजरे साफ केले. मग मी घरी गेले आणि जेवले.